राजधानी गेल्यावर

१८५७ सालच्या अखेरीस, ऐन थंडीत, अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे सरकार बिऱ्हाड हलवत होते. पूर्वेकडच्या आयोवा सिटीतून निघालेले सरकारी दप्तर पश्चिमेला सुमारे १८० किलोमीटरवरच्या द मॉइन गावी न्यायचे होते. वाटेत नुसता माळ. पक्का रस्ता नाही, ओढ्यांवर पूल नाहीत. कागदपत्रांचे कसेबसे निभावले, पण लोखंडी तिजोऱ्यांनी दमवले. त्यांतली एक अवाढव्य तिजोरी माळावरच अडकली आणि काही दिवस तशीच उघड्यावर पडून राहिली. अखेर बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीला दहा बैलजोड्या जुंपल्या, तेव्हा ती नव्या राजधानीत पोचली.

मागे उरली आयोवा सिटी. हे गाव अठरा वर्षांपूर्वी वसवले गेले तेच मुळी राजधानीसाठी. तेच कारण संपल्यावर गाव ओस पडायला हवे होते. पण सरकारने जाताना दोन गोष्टी मागे ठेवल्या: एक रिकामी दगडी इमारत आणि जेमतेम दोन-अडीच वर्षे वर्ग भरत असलेले एक विद्यापीठ. या दोहोंच्या बळावर गावाने आपले नशीब नव्याने घडवले. २०२०च्या जनगणनेत आयोवा सिटीची लोकसंख्या ७४,८२८ भरली. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती, पण युनेस्कोच्या ‘साहित्यनगरी’ या यादीत ती जगात तिसरी आणि अमेरिकेत पहिली आली.

या भूमीचा इतिहास अर्थातच १८३९ पासून सुरू होत नाही. आयोवा नदीच्या काठी मेस्क्वाकी आणि सॉक लोकांच्या वस्त्या होत्या. पोवेशीक या मेस्क्वाकी प्रमुखाचे गाव आजच्या शहरापासून थोडेच दक्षिणेला होते. १८३२च्या ब्लॅक हॉक युद्धात या लोकांचा पाडाव झाला आणि एकामागून एक तहांनी त्यांची जमीन सरकारच्या हाती गेली. १८३८ मध्ये आयोवा हा स्वतंत्र प्रदेश झाला. दुसऱ्या वर्षी राजधानीची जागा ठरवायला तीन आयुक्त नेमले गेले. त्यांनी १ मे १८३९ रोजी नदीकाठच्या नेपोलियन नावाच्या वाडीत जमायचे, असा कायदाच होता. प्रत्यक्षात त्या दिवशी हजर झाले एकटे चॉन्सी स्वान. दोघांची सही झाल्याशिवाय काम पुढे सरकणार नव्हते. तेव्हा एका वसाहतकऱ्याने घोड्यावर मांड टाकली आणि दूरवर राहणाऱ्या दुसऱ्या आयुक्ताला तो रातोरात घेऊन आला. मध्यरात्र उलटू नये म्हणून कुणीतरी घड्याळाचे काटे मागे सरकवले, असेही गावात सांगतात. त्यानंतर तीनच दिवसांत नदीच्या पूर्वेकडच्या उंच धारेवर खुंटी ठोकली गेली.

४ जुलै १८४० रोजी राजधानीच्या इमारतीची कोनशिला बसली. आराखडा जॉन रेग या वास्तुकाराचा. शेजारच्या इलिनॉय राज्याचे स्प्रिंगफील्डमधले विधानभवनही त्यानेच आखले होते. दगड जवळच्याच खाणींतला, चुनखडीचा. इमारतीला समोर भव्य खांब, वर घुमट आणि आत एक गोल वळणाचा जिना आहे. हा जिना सहसा दिसतो त्याच्या उलट दिशेने वळत जातो. पाहणारा आधी मान वर करून तो पाहतो आणि मग पायऱ्या चढू लागतो. १८४६ मध्ये आयोवाला राज्याचा दर्जा मिळाला तो ही इमारत राजधानीची असतानाच. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २५ फेब्रुवारी १८४७ रोजी, विद्यापीठ स्थापण्याचा कायदाही झाला.

या इमारतीच्या नावावर जमा असलेला आणखी एक निर्णय फारसा सांगितला जात नाही. हुसकावून लावलेले मेस्क्वाकी कॅन्ससमधून पुन्हा आपल्या भूमीकडे परतू लागले होते. १८५६ मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने त्यांना राज्यात राहण्याची परवानगी देणारा कायदा केला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी टामा परगण्यात स्वतःच्या पैशांनी ८० एकर जमीन विकत घेतली. एके काळी जी भूमी त्यांचीच होती, तिचा तुकडा त्यांना खरेदीखत करून परत मिळवावा लागला. मेस्क्वाकी आजही तिथे राहतात आणि त्यांची जमीन आता कितीतरी वाढली आहे.

विद्यापीठाचे पहिले वर्ग १८५५ मध्ये भरले. पहिल्या तुकडीत १२४ विद्यार्थी होते आणि त्यांत ४१ मुली. मुलामुलींना समान पायावर प्रवेश देणारे अमेरिकेतले हे पहिले सार्वजनिक विद्यापीठ. दोन वर्षांनी राजधानी गेली आणि मोकळे झालेले विधानभवन विद्यापीठाला मिळाले. ती त्याची पहिली कायमची वास्तू. आज तिला ‘ओल्ड कॅपिटॉल’ म्हणतात आणि तिचा सोनेरी घुमट विद्यापीठाची ओळख बनला आहे. २००१ मध्ये दुरुस्तीचे काम चालू असताना आग लागून हा घुमट जळाला. तो पुन्हा उभारला गेला आणि २००६ मध्ये इमारत लोकांना खुली झाली.

राजधानी असतानाच्या अखेरच्या वर्षांत आगगाडी आली. ठरलेले बक्षीस मिळवण्यासाठी १८५५च्या शेवटच्या रात्रीपर्यंत रूळ गावात पोचायला हवे होते. हाडे गोठवणाऱ्या थंडीत शेकोट्या पेटवून मजुरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून ते टाकले. पश्चिमेकडे जाणारा लोहमार्ग काही काळ इथेच संपत असे, आणि म्हणूनच १८५६च्या उन्हाळ्यात या गावाने एक विलक्षण प्रस्थान पाहिले. इंग्लंड आणि स्कँडिनेव्हियातून आलेले मॉर्मन पंथाचे गरीब अनुयायी इथे गाडीतून उतरले. बैल घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी लाकडी हातगाड्या बनवल्या, त्यांवर सामान लादले आणि त्या स्वतः ओढत ते दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या सॉल्ट लेक सिटीकडे निघाले. जुलैत, म्हणजे उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना पुढे वायोमिंगच्या बर्फाने गाठले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. ज्या माळावर त्यांचा तळ पडला होता, तिथे आता स्मारक-उद्यान आहे.

गावाच्या उत्तर भागात जर्मन आणि बोहेमियातले चेक लोक वसले. त्यांनी बिअरच्या भट्ट्या टाकल्या. बर्फयंत्र नसलेल्या त्या काळात बिअर थंड राहावी म्हणून जमिनीखाली दगडी कमानींची तळघरे खणली गेली. ती तळघरे आजही मार्केट स्ट्रीटच्या परिसरातल्या इमारतींखाली आहेत. १८८४ मध्ये राज्यात दारूबंदी आली आणि गाव पेटले. बिअर विकल्याबद्दल भट्टीवाल्यांवर खटला उभा राहिला, तेव्हा जमावाने फिर्यादी पक्षाच्या वकिलांवरच हल्ला चढवला. चेक कुटुंबे परसात हंसबदके पाळत, म्हणून त्यांच्या मोहल्ल्याला ‘गूजटाउन’ हे नाव पडले. ते आजही वापरात आहे.

याच समाजातल्या तेरेझा डोलेझाल फेल्डेव्हर्ट या सुईणीने गावाला त्याचे सर्वांत प्रसिद्ध शिल्प दिले. तिचा मुलगा अठराव्या वर्षी मेंदूज्वराने गेला. पुढे मुलाच्या आणि पतीच्या स्मरणार्थ तिने शिकागोतल्या मारिओ कोर्बेल या चेक शिल्पकाराकडून ब्राँझचा देवदूत घडवून घेतला. ओकलंड दफनभूमीत १९१३च्या सुमारास उभा राहिलेला हा देवदूत साडेआठ फूट उंचीचा आहे. त्याचे पंख वर उभारलेले नाहीत, खाली झुकलेले आहेत. चेहरा जमिनीकडे वळलेला आहे. हवापाण्याने ब्राँझ काळे पडत गेले आणि त्याचबरोबर शापाच्या नि भुताच्या कहाण्या वाढत गेल्या. हॅलोविनच्या रात्री पोरे तिथे पैजा लावून जातात. त्या काळेपणाला धातूच्या रसायनापलीकडे काही कारण नाही. मागे उभी आहे ती एका परक्या देशात लेक गमावलेली बाई.

इथवरची कहाणी अमेरिकेतल्या कितीतरी गावांची असू शकते. आयोवा सिटी वेगळी झाली ती १९२२ मध्ये, एका प्रशासकीय निर्णयाने. कार्ल सीशोर हे मानसशास्त्रज्ञ तेव्हा विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाचे प्रमुख होते. संगीताची जाण मोजण्याच्या त्यांच्या चाचण्या जगभर गाजल्या होत्या. त्यांनी जाहीर केले की पदव्युत्तर पदवीसाठी यापुढे विद्वत्तापूर्ण प्रबंधच हवा असे नाही. कवितासंग्रह, कथा, चित्र, शिल्प, संगीतरचना हेही प्रबंध म्हणून स्वीकारले जातील. कवितेवर लिहिणाऱ्याला पदवी मिळते, मग कविता लिहिणाऱ्याला का नको, हा साधा प्रश्न होता. पण तोवर विद्यापीठांनी तो स्वतःला विचारला नव्हता.

त्याची फळे दोन दशकांतच दिसू लागली. पॉल एंगल या जवळच्याच सीडर रॅपिड्समधल्या तरुणाने स्वतःच्या कविता प्रबंध म्हणून सादर करून एम.ए. मिळवली आणि १९३२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. ‘अमेरिकन गॉथिक’ या चित्राने देशभर पोचलेले ग्रँट वुड १९३४ मध्ये इथे चित्रकला शिकवायला आले. एलिझाबेथ कॅटलेट ही कृष्णवर्णीय तरुणी त्यांची विद्यार्थिनी. तुला जे सर्वांत जवळून ठाऊक आहे तेच घडव, हा वुड यांचा सल्ला तिने मानला आणि चुनखडीच्या दगडातून कृष्णवर्णीय आई व मूल साकारले. १९४० मध्ये शिल्पकलेतली एम.एफ.ए. पदवी मिळवणारी ती विद्यापीठाची पहिली विद्यार्थिनी ठरली. तिच्याबरोबर राहणाऱ्या मार्गारेट वॉकर या कवयित्रीने त्याच वर्षी आपला कवितासंग्रह प्रबंध म्हणून दिला. मात्र ज्या विद्यापीठाने कॅटलेटला पदवी दिली, त्याच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय मुलींना जागा नव्हती. तिला गावात खोली शोधावी लागली. २०१७ मध्ये विद्यापीठाने नवे वसतिगृह बांधले आणि त्याला कॅटलेटचे नाव दिले. दुरुस्ती झाली खरी, पण तिला सत्याहत्तर वर्षे लागली आणि तोवर ती हयात नव्हती.

१९३६ मध्ये विल्बर श्रॅम यांच्या नेतृत्वाखाली ‘आयोवा रायटर्स वर्कशॉप’ रीतसर सुरू झाले. १९४१ पासून पुढची चोवीस वर्षे ते पॉल एंगल यांनी चालवले. युद्धानंतर सैनिकांची गर्दी विद्यापीठात लोटली तेव्हा या वर्गांना नदीकाठी पत्र्याच्या अर्धगोल बराकी मिळाल्या. कामाची रीत सोपी होती आणि कठोरही. विद्यार्थ्याने कथा द्यायची, तिच्या प्रती काढून सर्वांना वाटायच्या, आणि मग सगळ्यांनी मिळून ती वाक्यावाक्याने तपासायची. लेखकाने बहुतेक वेळ गप्प बसून ऐकायचे. स्वतःच्या लेखनाचा बचाव करायला वाचकाच्या घरी कुणी जाऊ शकत नाही, हे तिथे पहिल्याच आठवड्यात कळे.

१९४५ मध्ये जॉर्जियातली एक मुलगी एंगल यांच्या खोलीत आली. तिचे दक्षिणी उच्चार त्यांना कळेनात, तेव्हा त्यांनी तिला म्हणणे कागदावर लिहायला सांगितले. आपण पत्रकार नसून आपल्याला वर्कशॉपमध्ये यायचे आहे, असे तिने लिहिले. तिचे नाव फ्लॅनरी ओकॉनर. पुढे अमेरिकन कथेच्या इतिहासात तिला मानाचे पान मिळाले. कर्ट व्हॉनेगट १९६५ ते ६७ या काळात इथे शिकवत होते आणि ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ या कादंबरीशी झगडत होते. मेरिलिन रॉबिन्सन यांनी पंचवीस वर्षे इथे अध्यापन केले आणि आयोवाच्याच एका गावात घडणारी ‘गिलिएड’ लिहून २००५चे पुलित्झर मिळवले.

वर्कशॉप अमेरिकन होते. जग इथे आले ते हुआलिंग न्ये या चिनी कादंबरीकार बाईंच्या कल्पनेतून. विविध देशांतल्या प्रस्थापित लेखकांना काही महिने बोलवावे, त्यांच्यावर कसलेही बंधन घालू नये, त्यांनी लिहावे आणि एकमेकांना भेटावे, असे त्यांनी एंगल यांना सुचवले. एंगल यांना ते आधी वेडेपणाचे वाटले. मग दोघांनी पैसे गोळा केले आणि १९६७ मध्ये ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’ सुरू झाला. पुढे दोघांनी लग्न केले. शीतयुद्धाच्या काळात ज्यांची सरकारे एकमेकांशी बोलत नव्हती, ते लेखक इथे एका मजल्यावर राहत आणि एका स्वयंपाकघरात रांधत. १९७९ मध्ये चीन, तैवान आणि हाँगकाँगचे लेखक तीन दशकांच्या दुराव्यानंतर इथेच एकत्र बसले. ओरहान पामुक, मो यान आणि हान कांग हे तिघेही नोबेल मिळण्याआधी या गावात राहून गेले. आजवर दीडशेहून अधिक देशांतले दीड हजारांहून अधिक लेखक इथे आले आहेत.

त्यांत दिलीप चित्रे होते. १९७५ मध्ये ते आयोवा सिटीला गेले आणि १९७७ पर्यंत तिथे राहिले. १९८० मध्ये मुंबईच्या क्लिअरिंग हाउसने काढलेला त्यांचा ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ हा इंग्रजी संग्रह त्या प्रवासी वर्षांशी जोडलेला आहे. गोव्याशीही गावाचे नाते आहे. पीटर नाझरेथ हे युगांडातल्या कंपालात जन्मलेले गोवेकर कुटुंबातले लेखक. आफ्रिकेतल्या गोवेकरांच्या कोंडीवरची त्यांची ‘इन अ ब्राउन मँटल’ ही कादंबरी १९७२ मध्ये आली आणि त्याच वर्षी इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढले. १९७३ मध्ये नाझरेथ आयोवात पोचले आणि तिथेच प्राध्यापक म्हणून स्थिरावले. एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांमागच्या सांस्कृतिक मुळांचा त्यांनी लावलेला अभ्यासक्रम खूप गाजला.

पण गाव नुसते पुस्तकात डोके खुपसून बसलेले नाही. कोल्हापूरकरांना आपलेसे वाटेल असे वेड इथे आहे: कुस्ती. डॅन गेबल या आयोवाच्याच मल्लाने १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्णपदक जिंकले. नंतर आयोवा विद्यापीठाचा वस्ताद म्हणून त्याने १९९७ पर्यंत संघाला पंधरा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. त्यांतली नऊ तर ओळीने. नोव्हेंबर २०१५ मध्ये ओक्लाहोमा स्टेटविरुद्धची लढत अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर मॅट अंथरून उघड्यावर झाली आणि ती पाहायला ४२,२८७ लोक जमले.

ते मैदान म्हणजे किनिक स्टेडियम. १९२९ मध्ये बांधलेल्या या स्टेडियमची क्षमता सुमारे ६९ हजार, म्हणजे जवळजवळ सगळे गाव मावेल एवढी. ज्याचे नाव त्याला आहे तो नाइल किनिक हा १९३९चा देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटू. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या विमानाचा सराव करताना १९४३ मध्ये तो व्हेनेझुएलाजवळच्या समुद्रात कोसळून गेला. शरद ऋतूतल्या शनिवारी काळे-पिवळे कपडे घातलेला लोंढा इथे लोटतो. २०१७ पासून इथे एक नवी रीत पडली आहे. स्टेडियमला लागूनच मुलांचे रुग्णालय उभे राहिले आहे. सामन्याचा पहिला चतुर्थांश संपला की सारे प्रेक्षक, दोन्ही संघ आणि पंचसुद्धा खेळाकडे पाठ करून रुग्णालयाकडे तोंड करतात आणि हात हलवतात. वरच्या मजल्याच्या काचेशी आजारी मुले आणि त्यांचे आईबाप उभे असतात, तेही हात हलवतात. ही कल्पना संघाच्या एका चाहतीने समाजमाध्यमावर सुचवली होती. याच मैदानावर ऑक्टोबर २०२३ मध्ये विद्यापीठाच्या संघातल्या केटलिन क्लार्कचा बास्केटबॉल सामना पाहायला ५५,६४६ लोक आले. महिला बास्केटबॉलच्या एखाद्या सामन्याला त्याआधी एवढी गर्दी कधीच झाली नव्हती.

गावाचा विरंगुळा नदीकाठी आहे आणि गावाची आपत्तीही तिथूनच येते. १९९३च्या महापुरात कोरलव्हिल धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहिले, खालची माती खरवडून निघाली आणि सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ उघडा पडला. आज मुले त्या खडकांवर बसून जीवाश्म प्रवाळ बोटांनी चाचपतात. २००८चा पूर त्याहून मोठा होता. पाणी चढायच्या आत जॅक्सन पोलॉकचे ‘म्यूरल’ हे वीस फूट रुंदीचे चित्र संग्रहालयातून बाहेर काढले गेले. १९५१ मध्ये पेगी गुगेनहाइम यांनी ते विद्यापीठाला भेट दिले होते. हँचर हे नाट्यगृह मात्र वाचले नाही. नवे हँचर २०१६ मध्ये उंच जागी उभे राहिले आणि चित्रांना हक्काचे घर मिळायला २०२२ उजाडले. त्याच पुराच्या वर्षी, नोव्हेंबरमध्ये, युनेस्कोने आयोवा सिटीला साहित्यनगरी ठरवले. आयोवा अॅव्हेन्यूच्या पदपथावर लेखकांची नावे ब्राँझमध्ये जडवली आहेत. १९७८ पासूनचे ‘प्रेअरी लाइट्स’ हे पुस्तकांचे दुकान अजून लेखकांना वाचायला बोलावते. १९१२चे एंगलर्ट थिएटर १९९९ मध्ये बंद पडले होते. गावकऱ्यांनी पैसा उभा केला आणि २००४ मध्ये त्याचा पडदा पुन्हा वर गेला.

२०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमला दिले जाणारे अनुदान थांबवले. कार्यक्रमाला आपला पसारा आवरता घ्यावा लागला. राजधानी गमावूनही उभ्या राहिलेल्या गावाला हा धक्का पेलवेल, असा भरवसा इतिहासावरून वाटतो.

मराठी विद्यापीठांनी या गावाकडून घ्यावे ते १९२२च्या त्या ठरावातून. चित्र्यांसारख्या कवीला आयोवाने बोलावले, राहायला जागा दिली आणि लिहायला वेळ दिला. आपल्याकडे मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी प्रामुख्याने इतरांच्या लेखनावर लिहितो. त्याची स्वतःची कादंबरी, नाटक किंवा कवितासंग्रह प्रबंध म्हणून स्वीकारायला आणि तितक्याच कसोशीने तपासायला मराठी विभागांनी सुरुवात करावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. आयोवाची सुरुवात तर जुन्या इमारतीत आणि पत्र्याच्या बराकींत झाली होती.